चौलच्या किनाऱ्यावरील एकटा परदेशी : अफानासी निकितीनच्या प्रवासवृत्ताचे पुनर्वाचन

रायगड जिल्ह्यातील चौल-रेवदंडा परिसराचा इतिहास सांगताना बहुधा तीन गोष्टींचा उल्लेख होतो : प्राचीन बंदर म्हणून चौलची ख्याती, पोर्तुगीजांचा रेवदंड्याचा किल्ला आणि अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. त्याच्या सुमारे पाव शतक आधी निकितीन चौलला उतरला होता. रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे. परंतु ‘पहिला रशियन’ या बिरुदापलीकडे त्याच्या लेखनाकडे मराठी वाचकाचे फारसे लक्ष गेलेले नाही. इतिहासकारांनी ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ या त्याच्या वृत्तांताचा उपयोग बहमनी राज्याविषयीचे साधन म्हणून केला. साहजिकच सुलतानाची मिरवणूक, हत्तींची संख्या, सैन्याचे आकडे हे भाग पुनःपुन्हा उद्धृत झाले. प्रस्तुत लेखात या वृत्तांताचा विचार वेगळ्या अंगाने केला आहे. परमुलखात एकट्याने दिवस काढणाऱ्या माणसाच्या रोजच्या जगण्याची आणि वाटेत भेटलेल्या माणसांची ही नोंद आहे, आणि तिचे खरे वाङ्मयीन मोल तेथेच आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

निकितीन व्होल्गाकाठच्या त्वेर या नगरचा. त्याच्या प्रवासाचा काळ पूर्वी १४६६ ते १४७२ असा धरला जाई. नंतरच्या संशोधनाने तो सुमारे १४६८ ते १४७४ असा पुढे सरकवला आणि चौलला उतरण्याचे वर्ष १४६९ ऐवजी १४७१ मानले जाऊ लागले. तो हिंदुस्थानला यायला निघालाच नव्हता. शिर्वानच्या वकिलाच्या सोबतीने कॅस्पियनपलीकडे व्यापार करून परतावे, इतकाच त्याचा बेत असावा. अस्त्राखानजवळ तातारांनी लुटले. माल गेला आणि पुस्तकेही गेली. रिकाम्या हाताने घरी जावे तर देणेकरी दाराशी उभे राहणार. काही सोबती परत फिरले, काही मिळेल त्या दिशेने गेले. निकितीन बाकू, इराण असे करीत होर्मुझला पोहोचला, तेथे त्याने एक घोडा मिळवला आणि घोडे नेणाऱ्या गलबतातून चौलला आला. वृत्तांतात त्याचे वय नाही, बायकामुलांचा उल्लेख नाही. मात्र हिशेब मांडण्याची सवय, कर्जाची धास्ती आणि धर्माविषयीची मुरलेली चिंता पाहता हा उमेदवारीतला तरुण नव्हे, संसारात बरेच पाहिलेला माणूस असावा, असे वाटत राहते.

चौलविषयीचा मजकूर अगदी थोडा आहे. माणसे उघडी वावरतात, डोके झाकत नाहीत, केसांची एकच वेणी घालतात, मुले पुष्कळ. राजाच्या डोक्यावर एक वस्त्र आणि कमरेला एक. या नोंदींत परक्याचा उथळपणा आहे हे मान्य करावे लागेल. दमट हवेतला पेहराव त्याला नागडेपणा वाटला. पण त्याच ओघात तो सांगतो की, आपण जाऊ तेथे लोक मागे येतात आणि गोऱ्या माणसाचे नवल करतात. पाहणारा स्वतःच पाहण्याची वस्तू झाला आहे, याची जाणीव त्याला पहिल्याच मुक्कामी झाली आणि ती त्याने लपवली नाही. प्रवासवर्णनांत हा प्रांजळपणा वाटतो तितका सुलभ नाही.

चौलहून आठ दिवसांनी तो ‘पाली’ येथे पोहोचला. हे स्थळ सुधागड तालुक्यातील पाली मानले, तर आठ दिवस हा काळ फारच मोठा आहे. घोडा आणि अनोळखी वाट यांमुळे मजल छोटी पडत असावी, किंवा मुक्काम लांबले असावेत. पुढे घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसाळ्यात अडकला. या पावसाला तो हिवाळा म्हणतो. घरात कोंडून घालणारा ऋतू म्हणजे हिवाळा, हे त्याच्या गावचे गणित. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, त्याच दिवसांत नांगरणी-पेरणी, नारळाची दारू, घोड्यांना हरभऱ्यासारखे कडधान्य आणि साखर-लोणी घालून शिजवलेली खिचडी. ‘खिचडी’ हा शब्द त्याने जवळजवळ जसाच्या तसा उतरवला आहे. सुलतानाच्या मिरवणुकीतील हत्तींच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न उरतो. घोड्याच्या खिचडीविषयी तसा प्रश्न पडत नाही. त्या घोड्यावर त्याचे सारे भांडवल होते आणि त्याला रोज खायला घालणे भाग होते.

जुन्नरचा अंमलदार असदखान याने तोच घोडा काढून घेतला. हा माणूस मुसलमान नसून रशियन आहे, हे कळल्यावर त्याने अट घातली : धर्म बदलल्यास घोडा परत आणि वर हजार मोहरा; न बदलल्यास घोडाही गेला आणि हजार मोहरांचा दंडही बसला. मुदत चार दिवसांची. ती संपत आली असता खुरासानचा एक खोजा महंमद तेथे आला. निकितीनने त्याची विनवणी केली. त्याने खानाकडे रदबदली करून घोडा सोडवला आणि धर्मांतरही टाळले. निकितीन याला देवाचा चमत्कार म्हणतो. वाङ्मयाच्या दृष्टीने विचारार्ह गोष्ट अशी की, या उपकारकर्त्याचे नाव आणि गाव यांपलीकडे तो काहीच सांगत नाही. तो का आला, त्याने परक्यासाठी शब्द का टाकला, पुढे भेट झाली का, काही नाही. एकट्या प्रवाशाच्या आयुष्यात माणसे अशीच येतात. ज्याच्यामुळे सर्व वाचले, तो दोन ओळींत येतो आणि दोन ओळींत जातो. कसलेला कथाकार असता तर त्याने हा प्रसंग फुलवला असता. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘परदेसी’ या भारत-सोव्हिएत चित्रपटाने नेमके हेच केले. तेथे निकितीनला चंपा भेटते, प्रेम जमते, विरह होतो. नर्गिसच्या भूमिकेमुळे ते प्रेक्षणीय झाले असेल. पण मूळ वृत्तांतात अशी कोणी चंपा नाही, आणि ती नसणे हाच त्या वृत्तांताचा आशय आहे.

बिदरला त्याने नाताळच्या सुमारास घोडा विकला. तेथील हिंदू ओळखीच्यांना त्याने आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत, नाव अफानासी, येथे मात्र खोजा युसुफ खुरासानी म्हणतात, असे सांगितले. त्यानंतर त्या लोकांनी त्याच्यापासून खाणेपिणे, व्यवहार, पूजाअर्चा, बायकामाणसे लपवणे सोडले. त्यांच्याच सोबतीने तो शिवरात्रीला श्रीशैलच्या यात्रेला गेला. संपूर्ण वृत्तांतात विश्वासाचे असे दुसरे स्थळ नाही. जात-पंथ आणि जेवणाचे नियम यांविषयीची त्याची माहिती या ओळखीतून आलेली आहे. म्हणून ती चौलच्या नोंदींहून खोल आहे. दार आतून उघडले गेल्यावरचे हे लेखन आहे.

मलिक नावाच्या एका मुसलमानाशी झालेला संवाद याहून मार्मिक आहे. तो धर्म बदलण्याचा आग्रह करतो. निकितीन उत्तर देतो की, तुम्ही पाच वेळा प्रार्थना करता, मी तीन वेळा करतो. मी परका, तुम्ही येथले. ‘परका’ या अर्थी त्याने वापरलेला शब्द ‘गरीब’ हा आहे. मराठीत हा अरबी शब्द ‘निर्धन’ या अर्थाने स्थिरावला. मूळ अर्थ परदेशी, घरापासून तुटलेला. बहमनी दरबारात परदेशातून आलेल्यांना याच शब्दाने ओळखत आणि दक्षिणी व परदेशी या गटांचे वैर तेथील राजकारणाचा कणा होते. वजीर महमूद गावान स्वतः गिलानचा. १४८१ मध्ये त्याचा वध झाला. निकितीन मात्र त्या परदेशी गटातही बसत नव्हता. मलिकने त्याला ऐकवले की, तू मुसलमान दिसत नाहीस आणि ख्रिस्ती धर्मही तुला ठाऊक नाही. हा घाव निकितीनने लपवला नाही, कारण तो खरा होता. पुस्तके लुटली गेल्याने त्याला ईस्टर केव्हा येतो हे कळेनासे झाले होते. तो कृत्तिका, मृग, सप्तर्षी पाहून अंदाज बांधी आणि मुसलमानांच्या रोज्यांबरोबर आपले उपवास करी.

या ताणाची खूण त्याच्या भाषेवर उमटली आहे. कथन रशियनमध्ये चालते. पण अत्यंत खाजगी मजकूर आला की तुर्की, फारसी, अरबी यांची सरमिसळ सुरू होते. आपल्या देशासारखा देश नाही, जरी तेथील सरदार अन्यायी असले तरी, ही त्याची सर्वांत जिव्हाळ्याची प्रार्थना त्याच भाषेत आहे, आणि वृत्तांताचा शेवट अरबी प्रार्थनेने होतो. यावरून त्याने अखेर धर्म बदलला असावा, असे काही अभ्यासकांनी सुचवले आहे. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. घरच्या सरदारांना अन्यायी म्हणणे घरच्या भाषेत धोक्याचे होते, हे एक कारण. आणि अनेक वर्षे ज्या भाषेत बाजार केला, अन्न मागितले, त्याच भाषेत मनही बोलू लागले, हे दुसरे. दुसरे कारण अधिक खरे मानावे लागते, कारण शेवटच्या प्रार्थनेत लपवण्यासारखे राजकीय काही नाही.

याच किनाऱ्याच्या मागच्या मुलखातील एका मराठी प्रवासवृत्ताशी तुलना केली, तर निकितीनचे वेगळेपण स्पष्ट होते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये चुलत्यांसह उत्तरेस गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. लुटालूट, उपासमार, जिवावरचे प्रसंग दोघांच्याही वाट्याला आले. परंतु गोडसेभटजींना सोबतीला चुलते होते आणि मराठी आश्रयदात्यांची घरे होती. पंचांग हरवण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. त्यांचे कथन रसाळ आहे, कारण ते घरी परतून, ऐकणारे आहेत या भरवशावर लिहिलेले आहे. निकितीनला तो भरवसा नव्हता. त्याची वाक्ये त्रोटक आहेत, दर आणि अंतरे मध्येच घुसतात, एकच तक्रार दोनदा येते : येथे भरपूर माल मिळेल असे सांगून लोकांनी फसवले, आपल्या देशात खपेल असे काही नाही, मिरी आणि रंग तेवढे स्वस्त. वाङ्मयीन निकषांवर हे दोषच आहेत. पण वही कोणाला दाखवायची नसताना माणूस जसा लिहितो, तसे हे लिहिलेले आहे.

परतीची वाट त्याने चौलहून धरली नाही. तो दाभोळला गेला, होर्मुझपर्यंतचे भाडे म्हणून दोन मोहरा दिल्या आणि गलबतात बसला. वाऱ्याने ते भरकटून हबसाणाच्या किनाऱ्याला लागले. मग होर्मुझ, इराण, काळा समुद्र आणि काफा. स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो मरण पावला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेऊन महाराजाच्या दप्तरातील वासिली मामिरेव या अधिकाऱ्याच्या हाती दिल्या.