काळोखाची निवड

आईचा फोटो मोठा करून घेतला, तेव्हाची गोष्ट. मूळ फोटो लग्नाच्या घोळक्यातला; त्यात तिचा चेहरा नखाएवढा. मोठी केलेली तसबीर देवरुखला घरी आणून भिंतीवर लावली आणि आम्ही सारेच गप्प झालो. कुंकू ठसठशीत होते, नाक रेखीव होते. पण डोळ्यांखालच्या सुरकुत्या, गालावरची सावली, सारे पुसून गेले होते. आई सुंदर दिसत होती. आमची दिसत नव्हती.

पुढे एका जाणत्या छायाचित्रकाराने मला डार्करूममध्ये लाल दिव्याखाली उभे करून कारण दाखवले. एकाच निगेटिव्हवरून त्याने दोन कागद छापले. मऊ कागदावर करड्याच्या कितीतरी पायऱ्या उमटल्या. कडक कागदावर मधल्या पायऱ्या गळाल्या आणि काळे-पांढरे तेवढे उरले. फिल्मवर उजेड थोडा कमी घेऊन ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवली, तरी असाच कडकपणा येतो. फोटोवरून फोटो काढला की तो बहुधा आपसूकच वाढतो. माझ्या आईच्या सुरकुत्या अशाच गेल्या होत्या.

हे कळल्यावर मी ‘माणूस’ पुन्हा पाहिला. प्रभातचा १९३९ सालचा बोलपट. दिग्दर्शक शांताराम, कॅमेरा व्ही. अवधूत यांचा. शाहू मोडक पोलीस शिपाई, शांता हुबळीकर मैना. लोक या चित्राच्या गडद छायांची तारीफ करतात, आणि ती रास्त आहे. तरी मला वाटते, त्याचे मोठेपण निव्वळ काळोखात नाही. शिपायाचा कायदा दोनच रंग ओळखतो: गुन्हेगार आणि निरपराध. मैना या दोन्हींत बसत नाही. भोवती रात्रीची गल्ली काळी असली, तरी तिच्या चेहऱ्यावरचा करडा उजेड कॅमेऱ्याने जपला आहे. तो करडा गेला असता, तर कथाच गेली असती.

दोषही सांगतो. काळोख म्हणजे पाप आणि उजेड म्हणजे पुण्य, हे समीकरण शांतारामबापूंना कधी कधी फार सोयीचे वाटते. प्रेक्षकाला जे आधीच कळलेले असते, तेच सावली पुन्हा सांगू लागते. आणखी एक. जुन्या चित्रपटाची प्रत प्रतीवरून निघत गेली, की करडे झिजत जाते. पडद्यावरचा सारा काळोख अवधूतांचाच, असे समजू नये. काही त्यांनी निवडलेला, काही काळाने लादलेला. दोन्हींना सारखीच दाद देणे हा डोळस रसिकपणा नव्हे.

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत तुमच्याही हाती जुने फोटो येतील. मोठे करायला देताना एवढे जरूर सांगा, की काळे-पांढरे थोडे फिके झाले तरी चालेल, सुरकुत्या राहू द्या. मी तसे सांगितले. आता भिंतीवर आई आहे.