'नूमेन' शब्दाचा अर्थविचार

लॅटिन 'नूमेन' हा शब्द मान लववून संमती दर्शविणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. व्हारोने इ. स. पूर्व पहिल्या शतकात त्याचा अर्थ 'आज्ञा' असा दिला. ल्युक्रेशियस तर मनाच्या आज्ञेलाही तोच शब्द योजतो. असे असता वाखनव्होर्ट आणि रोझ या पंडितांनी 'नूमेन'मध्ये व्यक्तित्वहीन गूढ शक्ती पाहिली, आणि रोमन लोक देवांपूर्वी अशा शक्तींनाच भजत असावेत असे अनुमान काढले. कॉड्रिंग्टनच्या १८९१ मधील ग्रंथापासून मेलानेशियातील 'माना' या कल्पनेने अभ्यासकांना घातलेली भुरळ याच्या मुळाशी दिसते.

ड्युमेझीलने १९६६ च्या ग्रंथात घेतलेला आक्षेप साधा, परंतु निर्णायक आहे. जुन्या लेखनात हा शब्द बहुधा षष्ठ्यन्त नामासह येतो : ज्युपिटरचे नूमेन, सेरीसचे नूमेन. इच्छा म्हटली की इच्छा करणारा आलाच. शिवाय 'देउस' हा संस्कृत 'देव' शब्दाचा सगोत्र. तेव्हा देवाची कल्पना रोमन लोकांना वारशानेच मिळालेली होती. सिसेरो इ. स. पूर्व ५७ मध्ये रोमन जनतेच्या 'नूमेन'चा निर्देश करतो. तेथे देव नाही, पण स्वामी आहेच. म्हणून हा अपवादही ड्युमेझीलच्या मतास बाधक न होता पोषकच ठरतो. नार्बोनच्या शिलालेखात वेदी अर्पिली आहे ती हयात ऑगस्टसच्या 'नूमेन'ला.

रूडोल्फ ऑटोने १९१७ मध्ये या शब्दावरून पावित्र्यानुभवाची नवी संज्ञा घडविली. ती उघडपणे घडविलेली असल्याने निरुपद्रवी होय. ती व्हारोच्या काळावर लादणे मात्र निरुपद्रवी नाही.