सिद्दी, हबशी, अरब : एका सरकारी नोंदीची चिकित्सा

आंध्र प्रदेशाने २००७ साली मुस्लिम मागास समूहांच्या आरक्षणाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात 'सिद्दी, याबा, हबशी, जासी' अशी एकत्र नोंद आहे. शेवटच्या 'इतर मुस्लिम समूह' या नोंदीतून मात्र सय्यद, मोगल, पठाण, इराणी यांच्याबरोबर 'अरब' वगळले आहेत. तेलंगणातही हीच वर्गवारी पुढे चालू राहिली. हैदराबादेत या दोन नोंदींमधली भिंत बव्हंशी कागदावरची आहे.

मासाब टँकजवळच्या ए.सी. गार्ड्स वस्तीचे नाव निजामाच्या 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स' या पथकावरून पडले (नवख्याला ते वातानुकूलनाचे वाटते). बारकस ही हद्रमौतहून आलेल्या अरब शिपायांची वस्ती. हे नाव बराकींवरून आले. दोन्हीकडची चूल निजामाच्या फौजेवर पेटत असे आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर दोन्हीकडची चाकरी गेली. वरातीतला मर्फा तर दोघेही आपलाच म्हणतात.

आता बाप अरब आणि आई सिद्दी असलेला विद्यार्थी घ्या. नसब बापाकडून चालते, दाखलाही सहसा त्याच्याच जातीचा निघतो; म्हणून हा सवलतीबाहेर. बाप सिद्दी आणि आई अरब असेल, तर आत. आफ्रिकी वारसा दोघांत सारखाच आहे. कुरळे केस पाहून मुलाला सिद्दी ठरवणारा कारकून आणि बापाचे कूळ पाहून त्याला अरब ठरवणारा कायदा यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

अबाबू मिंडा यिमेने यांनी २००४ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या शीर्षकातच हैदराबादच्या सिद्दींना 'आफ्रिकी भारतीय समाज' म्हटले आहे. अभ्यासकाला हे नाव सोयीचे आहे. पण ते इथिओपियात जन्मून निजामशाहीचा कारभारी झालेल्या मलिक अंबरला लागू पडते, जंजिऱ्याच्या नवाबांनाही पडते आणि चाकरी गेलेल्या शिपायाच्या नातवालाही. त्यावरून मागासलेपण कसे मोजणार? शेजारच्या कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हिंदू, ख्रिस्ती व मुस्लिम सिद्दी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. एकच नाव, पण तिथे ते जमातीचे आणि इथे मुस्लिम मागासवर्गाचे.

यादीला कोणते तरी नाव लागतेच, घरोघर चौकशी शक्य नाही, हे मान्य आहे. सिद्दींची नोंद काढावी असेही माझे म्हणणे नाही. आक्षेप 'अरब' या सरसकट वगळणुकीला आहे : बारकसच्या शिपायांच्या वारसांची शाळा, रोजगार आणि घर पाहिल्याशिवाय त्यांना सय्यद-मोगलांच्या रांगेत बसवू नये.