कच्चे मडके : नामदेवकथेतील कीर्ती आणि भ्रमनिरास

मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी थापटण्याने जमलेल्या संतांची मस्तके ठोकून पाहिली आणि त्यांत नामदेवांचे मडके तेवढे कच्चे निघाले, ही कथा मराठी वाचकाच्या इतकी परिचयाची आहे की तिच्यातील कठोरपणा त्यास सहसा जाणवत नाही. सगुणोपासनेकडून निर्गुणबोधाकडे झालेला प्रवास आणि सद्गुरूची आवश्यकता, असे तिचे दुहेरी तात्पर्य सांगितले जाते. ते चुकीचे नव्हे. पण त्यात कथेचा अर्धाच भाग येतो. परीक्षेत जो नापास झाला तो कोणी नवखा साधक नव्हता, तर पंढरीच्या वाळवंटातील सर्वांत लोकप्रिय गायक होता, या गोष्टीचा विचार त्या तात्पर्यात होत नाही.

नामदेवांची कीर्ती दोन गोष्टींवर उभी होती : कीर्तन आणि विठ्ठलाशी असलेली सलगी. देव ज्याच्या हातचा नैवेद्य खातो त्याचे गाणे ऐकावयास लोक जमणारच. अशा पुरुषाच्या मस्तकावर थापटणे पडते. इतर निमूट राहतात आणि तो रागावतो. निर्णय दिला जातो तो या रागावरून; त्याच्या गाण्याची परीक्षा कोणी घेतच नाही. खरा आघात मात्र पुढे आहे. नामदेव गाऱ्हाणे घेऊन विठ्ठलाकडे जातात आणि विठ्ठलही गोरोबांचाच निवाडा मान्य करतो. ज्याच्या साक्षीवर सारी प्रतिष्ठा उभी, तोच साक्षीदार उलटतो. भ्रमनिरासाचे याहून नेमके चित्र मराठी संतचरित्रांत क्वचितच आढळेल. कारण येथे देवावरील श्रद्धा ढळत नाही, देवाने आपल्याला पसंत केले आहे ही खात्री ढळते.

कथेचा भूगोलही पाहण्यासारखा आहे. कीर्ती पंढरपुरात मिळते, ती तेरला तडकते आणि उपदेश होतो तो रूढ परंपरेनुसार औंढा नागनाथ येथे. हे औंढा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून बहुमान्य असलेले नरसीही त्याच जिल्ह्यात. (काहींच्या मते जन्म पंढरपूरचा, तो वाद येथे अप्रस्तुत होय.) म्हणजे नावारूपास आलेल्या गायकाला शहाणपणासाठी आपल्या पूर्वजांच्या मुलखात परतावे लागते. तेथे पिंडीवर पाय ठेवून निजलेला विसोबा खेचर त्याला भेटतो आणि जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे सांगतो. तशी जागा सापडत नाही.

या कथेवरून ऐतिहासिक नामदेवांचे (१२७०–१३५०) मनोविश्लेषण करण्याचा मोह मात्र आवरावयास हवा. गाथेत ‘नामा’ ही मुद्रा अनेकांनी वापरली असून सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची रचनाही तीत मिसळली आहे. नावाला कीर्ती इतकी लाभली की नावाचा धनीच ओळखू येईनासा झाला. शिवाय ‘तीर्थावळी’त ज्ञानदेव स्वतः नामदेवांच्या संगतीची इच्छा धरतात, तेथे कच्चेपणाची भाषा नाही. महिपतीने ‘भक्तविजया’त (१७६२) ज्या कथा विस्ताराने सांगितल्या, त्या त्याच्यापूर्वी पिढ्यानपिढ्या कीर्तनांतून घोळत आल्या होत्या. ख्रिश्चन नोवेट्झके यांनी २००८ च्या ग्रंथात नामदेवांची स्मृती कीर्तनाच्या प्रयोगातून घडली असे दाखविले आहे. ते मान्य केल्यास एक विलक्षण गोष्ट पुढे येते : आद्य कीर्तनकाराला कच्चा ठरविणारी ही कथा जतन केली ती कीर्तनकारांनीच. श्रोत्यांच्या गर्दीसमोर, गर्दीवर जगणाऱ्या माणसाने ती सांगावयाची असते. व्यवसायाने स्वतःवर ठेवलेला हा पहारा आहे, आणि म्हणूनच चरित्र म्हणून ती संशयास्पद असली तरी टीका म्हणून मोलाची आहे.

कीर्तन पुढे ख्रिस्ती उपासनेत नेणाऱ्या नारायण वामन टिळकांशी या बाबतीत तुलना करता येईल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांचा विरस झाला तो संस्थेच्या बाबतीत. स्वतःच्या गाण्यावरचा त्यांचा विश्वास शाबूत होता. नामदेवकथा हा प्रश्न गायकाच्या आत नेते, आणि ते अधिक अवघड आहे.

तरीही विसोबांच्या उपदेशानंतर नामदेव गाणे थांबवीत नाहीत, हे भाष्यकारांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही. देव सर्वत्र असेल तर मूर्तीपुढे उभे राहून गाण्याचे प्रयोजन उरत नाही, असा तर्क सहज निघतो. कथेने तो काढलेला नाही. उलट पंजाबातील घुमानपर्यंत ते गाणे गेले आणि १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांच्या नावे ६१ पदे आली. त्यांपैकी एका पदात हीन जातीचा म्हणून देवळातून उठविलेला गायक कांबळे घेऊन मागे जाऊन बसतो आणि देऊळच त्याच्याकडे फिरते. महाराष्ट्रात हा प्रसंग औंढ्याच्या मंदिराशी जोडला जातो. या दोन अवमानांची गल्लत करून ‘नामदेवांचा अहंकार गळाला’ असे दोहोंविषयी म्हणण्याची प्रथा आहे, ती अन्यायाची होय. गोरोबांच्या अंगणात गायकाचा कच्चेपणा पाहिला गेला. देवळाच्या दारात पाहिली गेली ती शिंप्याची जात. आणि त्या वेळी फिरावे लागले ते देवळाला.