कृती, निष्फळता आणि श्रद्धा

कोणत्याही कलेचा विचार तिच्या माध्यमापासून सुरू झाला पाहिजे, असा आग्रह बा. सी. मर्ढेकरांनी मराठी समीक्षेत धरला. व्हिडिओ गेम ही कला की करमणूक, या वादात मात्र तो सहसा पाळला जात नाही. वाद चित्रे, संगीत व कथानक यांच्या गुणवत्तेभोवती फिरतो. परंतु ही सामग्री इतर कलांकडून उसनी आणलेली असते. या प्रकाराची स्वतःची म्हणावी अशी सामग्री एकच, खेळणाऱ्याची कृती. तेव्हा श्रद्धेसारखा अंतर्मुख अनुभव कृतीच्या द्वारे साकार होऊ शकतो काय, हा खरा प्रश्न होय.

त्या दृष्टीने ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ (२०१६) ही अमेरिकन रचना लक्षणीय आहे. रायन व एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याचा मुलगा जोएल एक वर्षाचा असताना त्याला मेंदूचा कर्करोग झाल्याचे आढळले. मार्च २०१४ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो वारला. जॉश लार्सन व इतर सहकाऱ्यांसह ही रचना त्यांनी मुलगा हयात असतानाच आरंभिली होती. म्हणजे तिचा शेवट तिच्या कर्त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हता.

रुग्णालयातील एका रात्री जोएल अखंड रडत असतो. खेळणाऱ्याने त्याला रस पाजला तरी तो पोटात ठरत नाही. काहीही केले तरी रडणे थांबत नाही. प्रत्येक कुलपाला कोठेतरी किल्ली असतेच, हा खेळांनी अंगवळणी पाडलेला विश्वास येथे मोडतो. कादंबरीचा वाचक बापाची हतबलता पाहतो. येथे ती खेळणाऱ्याच्या हातांतच उतरते. अखेर बाप प्रार्थना करतो आणि मूल शांत होते.

रचना येथेच थांबती, तर प्रार्थना हीच ती हरवलेली किल्ली ठरून सारे प्रचारात जमा झाले असते. पण पुढे कॅथीड्रलच्या प्रसंगात प्रार्थनांचे स्वर एकावर एक चढत जातात, आणि मूल वाचत नाही. एमीचा चमत्कारावरील भरवसा आणि काळ्या पाण्यात बुडत चाललेला रायनचा संशय यांपैकी एकाचाही येथे उपहास होत नाही. एकदा फळलेली आणि एकदा न फळलेली प्रार्थना यांची संगती लावण्याचे काम खेळणाऱ्याकडेच राहते. भारतीय रसिकाला येथे गीतेतील फलत्याग आठवेल. परंतु या बापाने फळाची आस सोडलेली नाही. ती न सोडता तो हात जोडतो, आणि या रचनेचे दुःख तेथेच आहे.

शेवटच्या प्रसंगाविषयी मात्र आक्षेप घ्यावा लागतो. मृत्यूपलीकडच्या सहलीत जोएल आनंदात आहे. साबणाचे फुगे उडतात, पॅनकेकचा ढीग समोर असतो. ज्या कृतीला आतापर्यंत प्रतिसाद मिळत नव्हता तिला येथे तो सहज मिळतो. मातापित्यांच्या दृष्टीने ही आशा सच्ची आहे, याविषयी शंका नाही. परंतु आधीच्या प्रसंगांत श्रद्धा खेळणाऱ्याला कमवावी लागते, येथे ती त्याला दिली जाते. श्रद्धाहीन रसिक या ठिकाणी केवळ पाहुणा उरतो.

तरीही या दोषाने मूळ प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. २०१७ साली या रचनेला नावीन्यासाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. पण तिचे खरे नावीन्य तंत्रात नाही. कृती निष्फळ ठरू देण्याचे धैर्य दाखवले, तर खेळालाही श्रद्धेविषयी गंभीरपणे बोलता येते, हे तिने सिद्ध केले.