पर्यावरण कायदा व शिक्षणातील डिजिटल तंत्रज्ञान : भिवंडीच्या संदर्भात

डिजिटल तंत्रज्ञानामुळे पर्यावरण कायद्याच्या अंमलबजावणीत पारदर्शकता आली, हे विधान भिवंडीत तपासून पाहावयास हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये अतिप्रदूषणकारी 17 उद्योगप्रकारांना अखंड ऑनलाइन मापन यंत्रणा बसविण्याचे निर्देश दिले. त्या 17 प्रकारांत वस्त्रोद्योग नाही. यंत्रमाग, सायझिंग आणि रंगाई यांवर उभे असलेले हे शहर व त्याची कामवारी नदी त्या निर्देशांच्या कक्षेबाहेर राहिली. विखुरलेल्या लहान कारखान्यांचे सांडपाणी मोजलेच जात नसेल, तर संकेतस्थळावर ते दिसणार कसे?

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. पर्यावरणीय आघात मूल्यमापन अधिसूचनेचा 2020 चा मसुदा संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होता. मात्र केवळ इंग्रजी व हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी तो आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. भिवंडीत बोलल्या जाणाऱ्या मराठी, उर्दू व तेलुगू या तिन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत. खुलेपणा म्हणजे सुगमता नव्हे, हे येथे न्यायालयाला सांगावे लागले.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या निर्णयाच्या आधारे पदवी स्तरावर पर्यावरण विषय सक्तीचा झाला. वर्गातील पडद्यावर ॲमेझॉनचे जंगल येते. 2018 मध्ये सुरू झालेले ‘परिवेश’ संकेतस्थळ उघडून ठाणे जिल्ह्यातील एखादा प्रस्ताव क्वचितच वाचला जातो. 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो मूळ इंग्रजी अहवालाशी ताडून पाहणे, हे विद्यार्थ्यांसाठी चित्रफितीपेक्षा अधिक उपयुक्त प्रात्यक्षिक ठरेल.