'असूडा'तले घर

धाटावच्या औद्योगिक वसाहतीभोवती राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांत आजोबा शेतकरी, वडील कामगार आणि नातू पदवीधर असा तीन पिढ्यांचा क्रम दिसतो. नातवाला आजोबांविषयी विचारले, तर "आमची शेती होती" एवढ्या एका वाक्यात उत्तर संपते. त्या एका वाक्यामागे एक संपूर्ण घर असते. ते घर मराठी ग्रंथांत कोठे सापडते, हे पाहावे म्हणून आम्ही महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' पुन्हा वाचावयास घेतला.

हा ग्रंथ १८८३ सालचा. त्याआधी दख्खनच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांविरुद्ध दंगे केले होते, १८७६-७८चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधी सरकारला कायदा करावा लागला होता. ग्रंथाचे आरंभीचे भाग 'दीनबंधु' पत्रात छापले गेले. पुढील भाग छापण्यास संपादक धजले नाहीत. फुले यांनी मात्र त्यातील मजकूर ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखविला. हे लेखन कानांनी ऐकण्यासाठी घडले आहे, हे त्याची लांबलचक, श्वास न घेणारी वाक्ये मोठ्याने वाचली म्हणजे कळते.

आजवर या ग्रंथाची चर्चा बहुधा त्यातील विचारांसाठी झाली. आम्हांला येथे त्याच्या चौथ्या प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. कलेक्टरच्या तंबूवरून निराश होऊन निघालेला एक शेतकरी आमराईत जाऊन बसतो आणि स्वतःशीच बोलू लागतो. सारा, सावकार, कचेरीतले कारकून, खंगलेली जमीन हे सारे त्याच्या बोलण्यात येते. मग तो घरी येतो आणि आपण त्याच्यामागून उंबरठा ओलांडतो. इथपर्यंत फुले वकील होते. येथे ते कथाकार होतात. घरातील फाटके अंथरूण, गुरांची दुर्गंधी, म्हाताऱ्या आईची तळमळ ही ते हातचे काही न राखता दाखवितात. साऱ्याचा आकडा कागदावर वाचताना जे कळत नाही, ते त्या घरात पाऊल ठेवताच कळते. मराठी गद्यात कुणब्याच्या घराचे इतके जवळून केलेले वर्णन त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवली. या शेतकऱ्याला नाव नाही. तो हजारोंचा प्रतिनिधी आहे आणि म्हणूनच कोणा एकाचा बाप नाही. त्या घरात कधी गाणे झाले असेल, पीक चांगले आल्यावर कोणी हसले असेल, हे ग्रंथात येत नाही. संतापाला इतकी फुरसत नसते.

फुले यांनी आपली 'गुलामगिरी' १८७३ साली अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली होती. त्याच वर्षांत त्या देशाच्या सरहद्दीवर चार्ल्स इंगल्स (१८३६–१९०२) नावाचा शेतकरी बायकामुलांसह गाडीतून नवी जमीन शोधीत फिरत होता. १८६२च्या कायद्याने तेथे पाच वर्षे राहून कसणाऱ्यास १६० एकर जमीन मिळे. मिनेसोटात टोळधाडीने त्याचे पीक खाल्ले. थोरली लेक मेरी १८७९ साली आंधळी झाली. अखेर डाकोटातील शेत सोडून तो गावात राहावयास गेला. म्हणजे तोही हरलेलाच शेतकरी. परंतु त्याची दुसरी मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने १९३२पासून लिहिलेल्या बालकादंबऱ्यांमुळे त्याचे फिडल आजही जगभर ऐकू येते.

मात्र या लेकीच्या प्रेमाने बरेच झाकलेही आहे. नऊ महिन्यांचा होऊन वारलेला भाऊ आणि आयोवातील ओढगस्तीचे दिवस त्या पुस्तकांत नाहीत. कॅन्ससमध्ये वडिलांनी घर बांधले ती जमीन ओसेज या मूळ रहिवाशांची होती. त्या लोकांचे जे चित्रण तिने केले, त्यामुळे २०१८ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेने तिच्या नावाच्या पुरस्काराचे नाव बदलले. संताप गाणे विसरतो, प्रेम अन्याय विसरते. शेतकऱ्याचे खरे घर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते.

मराठीत त्या मधल्या जागी आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) उभी आहे. कागलच्या या शेतकऱ्याच्या पोराने शाळा सोडावयास लावणाऱ्या बापाचा मार लपविला नाही आणि त्या बापाला तसे करणाऱ्या दारिद्र्याकडेही डोळेझाक केली नाही. या आत्मचरित्रात्मक कादंबरीस १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु 'असूडा'तील शेतकऱ्यापासून तिच्यापर्यंत शंभर वर्षे लोटली. एकोणिसाव्या शतकातील आपल्या शेतकऱ्याला फुले यांच्यासारखा साक्षीदार लाभला. त्याची कथा सांगणारी लेक लाभली नाही, कारण त्या लेकीच्या हाती पाटीच आली नव्हती.

आज पाटी प्रत्येक घरात आहे. म्हणून कुटुंबीयांना आमची विनंती आहे, की घरात कोणी वृद्ध असतील तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. खाचराचे नाव काय होते, बैल कोणते होते, कर्ज कोणाचे होते, आणि लावणीच्या वेळी कोणते गाणे म्हणत, हे विचारावे. कर्ज विचारून गाणे विसरू नये. आणि गाणे लिहून कर्ज लपवू नये.